आधी चहा, मग दार

४ फेब्रुवारी

शहाणे,

पाकिटावर तुझ्या घरमालकिणीचं नाव बघून भाडं वाढल्याची नोटीस आली असं समजू नकोस. आत तुझा बाप आहे. पत्ता तुझ्या आईकडून काढला. ती देत नव्हती. "तुम्ही पुन्हा काहीतरी तोडून लिहाल," म्हणाली. मी म्हटलं, तोडायला आता उरलंय काय. मग दिला.

फोनची सोय नाही. बंदरातल्या माणसाशी बोललीस तर तुझी नोकरी जाते, आणि कोणाचे फोन येतात-जातात ते तुमच्या केंद्रात तपासतात, हे तू जाताना आईला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. शेजारणीच्या फोनवर तू आईशी बोलतेस तेव्हा मी जिन्यात जाऊन उभा राहतो. ऐकायचं नसतं असं नाही, ऐकताना दिसायचं नसतं. आईबरोबर निरोप पाठवता आला असता, पण हे तिच्या कानावर घालण्यातलं नाही.

माफी मागायला लिहीत नाहीये. तू गेलीस त्या दिवशी मी जे बोललो त्यातलं निम्मं मला अजून खरं वाटतं. उरलेलं निम्मं तू विसरलीस तर बरं होईल. साहेबांना शोध लागला की वर स्कॅनरच्या खोलीत कंटेनरची चित्रं वाचणारी मुलगी आणि खाली शेडमध्ये त्याच कंटेनरची दारं उघडणारा मुकादम एका घरात जेवतात. चोऱ्या अशाच होतात म्हणे. मग नियम निघाला, वाचणाऱ्याला उघडणारा कोण ते कळता कामा नये. तुम्हा सगळ्यांना उचलून पार दुसऱ्या शहरात एका दालनात नेऊन बसवलं, सगळ्या बंदरांची चित्रं एकाच छपराखाली. काम भराभर होतं आणि लबाडी होत नाही, एका दगडात त्यांचे दोन पक्षी. तुला इथे फाटकावर बसवायला तयार होते. तू म्हणालीस, मला चित्रं वाचता येतात, मी फाटकावर गाड्यांचे नंबर का लिहीत बसू? ते बरोबरच होतं. पण घरात दुसऱ्याचं बरोबर असणं मला आजवर झेपलेलं नाही, हे तुझी आई सांगेल.

तू वर होतीस तेव्हाही तुझ्यासमोर दोनच कळा होत्या. ‘जाऊ द्या’ आणि ‘उघडा’. किडीसाठी औषधाची धुरी दिलेल्या मालाला तिसरी कळ कोणी ठेवलीच नव्हती. पण गठ्ठ्यांच्या फटीत खोचलेल्या औषधाच्या पुड्या तुला चित्रात दिसायच्या, शर्टाच्या बटणांसारख्या ओळीने. मग तू रेडिओवरून म्हणायचीस, "बाबा, आधी चहा." म्हणजे दार उघडायचं आणि आत न शिरता लांब जाऊन बसायचं, वारा आतला गॅस घेऊन जाईपर्यंत. टोळीतली माणसं तुला चहावाली म्हणायची. साहेब आम्हाला कामचोर म्हणायचे. दोघांचंही आम्ही ऐकून घ्यायचो.

आता तिकडून पडद्यावर नुसता शब्द येतो. शेडच्या भिंतीवर एक भलामोठा फलक लावलाय. कंटेनरचे डबे वेळेत सुटले की आकडा हिरवा, तुंबले की लाल. साहेब शेडमध्ये आले की आधी फलकाकडे बघतात, मग आमच्याकडे, आणि तेही आकडा लाल असेल तरच.

आपल्या टोळीतला पैलवान सध्या कामावर नाही. त्याला जरा बरं नाही. मध्यंतरी विचारत होता, चहावाली तिकडे कोणाला चहा पाजते म्हणून. अजून तसाच आहे, काडीसारखा, आणि अजून पैलवान म्हटलं की छाती काढून दाखवतो.

आई माझ्या खोकल्याबद्दल काही बोलली तर धूळ आहे म्हणून सांग. पत्र वाचून फाडून टाक.

बाप

१९ फेब्रुवारी

शहाणे,

मागच्या पत्रात पैलवानाला बरं नाही असं लिहिलं. तो तेव्हा गेलेला होता. आम्ही त्याला पोचवून आलो होतो आणि त्याच दिवशी मी तुला लिहायला बसलो होतो. तो शब्द काही कागदावर उतरेना. म्हणून ‘आहे’, ‘आहे’ असं लिहीत गेलो. तेवढा वेळ तो होताच म्हण.

आता नीट सांगतो. जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांचा डबा होता. तिकडून ‘उघडा’ आलं. दारावर धुरीचा इशारा देणारी पट्टी नव्हती. माल पाठवणारे ती आधीच सोलून काढतात, कारण पट्टी असली की डबा वाऱ्यावर ठेवावा लागतो आणि त्यांचा दिवस जातो. दाराच्या पत्र्यावर डिंकाचा चौकोन राहिला होता. तो मी नंतर पाहिला. गॅस मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, ते तू इथे असतानाच गेलं होतं. फलक लाल होता, बाहेर ट्रेलरची रांग फाटकाच्या पलीकडे गेली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. मी सील कापलं, पैलवानाने दार ओढलं आणि आत चढला. मी त्याच्या मागे दोन पावलं होतो.

लसणासारखा वास आला. मी ओरडलो, तो बाहेर आला, खाली बसला आणि हसायला लागला. म्हणाला, "मुकादम, चहावाली असती तर आत्ता फुकटची विश्रांती मिळाली असती." डोकं जड झालंय म्हणाला. संध्याकाळी सायकल मारत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको फाटकावर आली आणि आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर त्याचा श्वास पाण्यातून येत असावा तसा वाजत होता. डॉक्टर म्हणाले, हा गॅस आधी सोडून देतो आणि मग धरतो.

त्या डब्यात तुम्हाला चित्रात काय वेगळं दिसलं होतं, सांगू? कपड्यांच्या गठ्ठ्यात एक जुनी शिलाई मशीनची मोटर. कोणीतरी फेकायची म्हणून बांधली होती.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, धुरीचे डबे वाऱ्यावर ठेवायला वेळ द्या. ते म्हणाले, "कुठले धुरीचे ते सांगा, देतो."

"पट्टीच काढतात तर कळणार कसं?"

"स्कॅन होऊन येतोय ना डबा? सगळं बघूनच पाठवतात. मग भीती कसली?"

"स्कॅनला गॅस दिसत नाही साहेब."

"मुकादम, रांग रस्त्यावर गेली की मला वरून फोन येतो. तुम्हाला कोणाचा येतो?"

माणूस वाईट नाही. पैलवानाच्या घरी येऊन गेला. पण तिथून निघाला तो सरळ फलकाकडे.

मग मी सगळ्याच डब्यांना चहा पाजून पाहिला. जो येईल त्याचं दार उघडायचं आणि लांब बसायचं. दुपारपर्यंत बंदर तुंबलं. क्रेन थांबली, जहाजावरचे लोक शिव्या घालायला लागले, आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं की पुन्हा असं केलंत तर दुसरा मुकादम बघावा लागेल. त्यांचंही चुकलं नाही. शंभर साध्या डब्यांना दोन विषारी डब्यांची शिक्षा कोण देईल?

तू तिकडे तिसरी कळ मागितलीस आणि "आपलं काम संशयाचं, हवेचं नाही" असं उत्तर मिळालं, हे आईने सांगितलं. तू मागितलीस हे ऐकून बरं वाटलं. तसं मी तिला दाखवलं नाही.

माझ्याकडे आता पाच माणसं उरलीत आणि पाचही घरून डबा घेऊन येतात, म्हणजे घरी कोणीतरी तो भरणारं आहे. पुड्या तुलाच दिसतात. आमच्या बंदराचं चित्र पडद्यावर आलं की तुला ते ओळखू येतं. काहीतरी कर. काय ते मी लिहीत नाही, तू शहाणी आहेस. फक्त असला डबा माझ्या दारात येऊ देऊ नकोस.

बाप

११ मार्च

माझे आई,

तू उत्तर लिहिणार नाहीस हे ठाऊक होतं, पण उत्तर आलं. कपड्यांचा एकही डबा उघडायला आलेला नाही. पोचे आलेले येतात, यंत्रांचे येतात, फरशांचे येतात, आणि कपडे सगळे ‘जाऊ द्या’. इतर वाचणारे आमची चित्रं वाचत नाहीत की काय कोण जाणे, की तू शेजारच्या खुर्च्यांनाही पटवलंस? विचारत नाही. टोळीत कोणाला सांगितलेलं नाही. ते म्हणतात मुकादमाचे ग्रह फिरले. मी म्हणतो, हो, एक ग्रह फार लांब गेलाय, तिथून फिरला.

फलक आठवडाभर हिरवा आहे. साहेबांनी आमच्या बसायच्या जागेवर नवा पंखा लावून दिला. तो लावायला आलेला वायरमन म्हणाला, एवढं काय केलंत तुम्ही? मी म्हटलं, काहीच केलं नाही, त्याचंच बक्षीस आहे.

आईलाही माझ्यातला बदल दिसतोय. परवा म्हणाली, "तुम्ही पोरीला लिहिता ना? मग त्यात माझेही चार शब्द घाला." मग उभी राहून सांगायला लागली: वेळेवर जेवत जा, केस कापू नकोस, घरमालकिणीच्या पुढे पुढे करू नकोस, आणि बाबांच्या बोलण्याचं मनाला लावून घेऊ नकोस, त्यांच्या तोंडाला ब्रेक नाही. शेवटचं मी लिहिणार नव्हतो, पण ती मागे उभी राहून वाचतेय. आता गेली.

तुझी आठवण येते. हे तिच्यापुढे लिहिता आलं नसतं.

एक गोष्ट सांगून टाकतो. काल त्याच माल पाठवणाऱ्याचा डबा, पैलवान ज्याच्या डब्यात चढला होता त्याचा, शेडसमोरून सरळ फाटकाकडे गेला. दारावर डिंकाचा तसाच चौकोन. ड्रायव्हर ओळखीचा, खिडकीतून म्हणाला, "मुकादम, आज तुमच्या तावडीतून सुटलो." मी हात केला. कुठे चालला विचारलं तर शहरातल्या गोदामाचं नाव सांगितलं, कपडे निवडणाऱ्या बायकांचं. मग मी आत जाऊन पुढच्या डब्याचं सील कापलं. माझ्या दारात तो आला नाही, एवढंच मी पाहिलं.

खोकला कमी आहे.

बाबा

२ एप्रिल

शहाणे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. खोलीचं दार लावून घे.

त्या गोदामात दोन बायका गेल्या. नणंद-भावजय. डबा उघडायला माणूस मिळाला नाही म्हणून दोघींनी मिळून दार ओढलं आणि एक एक गठ्ठा बाहेर घेत बसल्या. वास आला तर त्यांना वाटलं जुन्या कपड्यांचा असेल. एक तिथेच गठ्ठ्यावर आडवी झाली, दुसरी पैलवानासारखी घरी जाऊन.

मी ड्रायव्हरकडून ऐकलं आणि तिथे गेलो. का गेलो माहीत नाही. अरुंद गल्ली आहे, एका बाजूला पत्र्याची शटरं. अर्ध्या खाली ओढलेल्या शटरच्या बाहेर बायकांच्या चपला तशाच ठेवलेल्या, कोणी उचलल्या नव्हत्या. आत निवडलेल्या कपड्यांचे ढीग, लहान मुलांचे वेगळे, लोकरीचे वेगळे. त्यांच्यातल्या धाकटीचा नवरा एका गठ्ठ्यावर बसला होता. माझ्या खिशावरचं बंदराचं ओळखपत्र काढायचं मी विसरलो होतो.

तो म्हणाला, "तुम्ही बंदरातले ना? तुमच्याकडे तपासून सोडतात ना माल?"

मी हो म्हणालो.

"मग ह्यात काही नव्हतं ना? तुम्ही बघितलं असेल ना?"

त्याला खरंच विचारायचं होतं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि मला वाटत होतं त्याने एकदा तरी अंगावर यावं. मी म्हटलं, सगळे डबे उघडत नाहीत, वेळ पुरत नाही. तो मान हलवत राहिला, जणू मी त्याची समजूत घातली. पाणी विचारलं त्याने मला. मी प्यायलो सुद्धा.

आता ऐक. पूर्वी असला डबा आपण उघडायचो तेव्हा गॅस आपल्या शेडमध्ये, उघड्या वाऱ्यात निघून जायचा, आणि शहरात पोचायचा तो नुसता कपडा. हे मी कधी मोजलंच नव्हतं. मला वाटायचं आपण बॉम्ब आणि बंदुका शोधतो, आणि त्या तर इतक्या वर्षांत एकदाही सापडल्या नाहीत. जे रोज अडवत होतो ते आपल्याला ठाऊकच नव्हतं. मी ते पुढे ढकलायला सांगितलं. माझी पाच माणसं वाचवायला सांगितलं, आणि कोणाच्या दारात जाईल ते विचारलं नाही. तेही खोटं आहे. विचारलं होतं. ड्रायव्हरने सांगितलंही होतं. मी तुला गेल्या पत्रात लिहिलं आणि पुढे खोकला कमी आहे म्हणून लिहिलं.

हे तुझ्यावर घेऊ नकोस. घेशीलच, मला माहीत आहे, पण निदान मी लिहून ठेवलं की मागितलं मी होतं. माझं पहिलं पत्र फाडलं असशील, दुसरंही फाडलं असशील. हे ठेव. कधी कोणी विचारलं तर दाखव.

आणि आता जे सांगतो ते कर, वाद घालू नकोस. पुड्या दिसल्या की ‘उघडा’ दाब. प्रत्येक वेळी. माझं तोंड डोळ्यांपुढे आलं तरी दाब. मी टोळीला सांगितलंय की कपड्यांच्या डब्याला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. दार मी ओढीन आणि फलक लाल होऊ दे नाहीतर काळा, वारा फिरेपर्यंत आत कोणाला सोडणार नाही. साहेब बघून घेतील ते घेतील.

माझा खोकला धुळीचा नाहीये, हे तू पहिल्या पत्रातच ओळखलं असशील. मी पैलवानाच्या मागे दोन पावलं होतो, ती दोन पावलं भोवली. डॉक्टर म्हणतात पुन्हा असल्या दाराजवळ जाऊ नका. आईला ठाऊक नाही. तुला सांगायचं नव्हतं, पण मग तू नुसत्या माझ्या शब्दावर कळ दाबली असतीस आणि नंतर कळल्यावर मला कधी क्षमा केली नसतीस. म्हणून कळून दाब. पैलवानाची बायको, त्या दोघी, आणि अजून जे कोणी उद्या कुठेतरी शटर उघडतील, त्यांच्यासाठी दाब. माझ्यापेक्षा त्यांना दाराची माहिती कमी आहे.

तुझा बाप

१५ एप्रिल

शहाणे,

आज आला.

सकाळीच, रांगेत चौथा. पडद्यावर ‘उघडा’ आलं तेव्हा मला आधी कळलंच नाही, मग ट्रेलर वळला आणि कपड्यांचा माल म्हणून कागदावर दिसलं. मी टोळीला कुंपणापर्यंत मागे हटवलं. तोंडाला ओला फडका बांधला, श्वास धरला, सील कापलं आणि दार ओढून पळालो. या वयात पळालो, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग बराच वेळ खोकलो आणि शिट्ट्या थांबल्या. लांबून फटीत पुड्या दिसत होत्या, ओळीने.

तू पत्र वाचलंस, आणि तरी पाठवलास. मला आनंद झाला आणि तिथेच बसून रडू आलं. टोळीला वाटलं गॅसने डोळे आलेत. कोणीतरी पाणी आणून दिलं.

मी हे कुंपणाजवळच्या दगडावर बसून लिहितोय. दारं सताड उघडी आहेत, समोरच्या गठ्ठ्यांवरचे कपडे वाऱ्याने हलतायत. मागे रांग थेट रस्त्यावर गेलीय, हॉर्न चालू आहेत, फलक लाल आहे. साहेब तिकडून येताना दिसतायत आणि त्यांच्याबरोबर एक नवा माणूस आहे, हातात माझ्यासारखं सील कापायचं हत्यार घेतलेला. बोलावून ठेवलेलाच होता बहुतेक. धिप्पाड आहे, चांगला वाटतो. चालताना हसत होता.

मी त्याला सगळं सांगणार आहे, पुड्या, चौकोन, वारा, सगळं. ऐकेल की नाही ते सांगता येत नाही. फलकासमोर आठवडाभर उभा राहिला की माणूस ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

म्हणजे उद्यापासून दार कोण उघडतंय ते तुला माहीत नसेल. नियम काढणाऱ्यांना हेच हवं होतं, ते आज झालं. तो कोण, त्याच्या घरी कोण, काही कळणार नाही. तरी दाब.

बाबा